नजरा ताईंकडे

समुपदेशन केंद्रात आठवड्याची गटबैठक चालू असताना दाराच्या काचेतून पाच मिनिटं नुसतं बघावं. आवाज ऐकू आला नाही तरी चालेल. दहा बायका गोल बसलेल्या असतात, एक बोलत असते. तिची नजर कुठे आहे तेवढं बघायचं. ती सारखी वही घेऊन बसलेल्या ताईंकडेच बघून बोलत असेल आणि बाकीच्या नऊजणी सतरंजीचे दोरे उसवत, पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत आपला नंबर कधी येतो याची वाट पाहत असतील, तर त्या खोलीत गट अजून तयार झालेला नाही. एकेकीचं समुपदेशन चाललंय आणि प्रत्येकीला नऊ प्रेक्षक मिळालेत, एवढंच.

ही चूक कामात कच्च्या माणसांकडूनच होते असं नाही. उलट एकेकट्याच्या समुपदेशनात ज्यांचा हात चांगला बसलाय त्यांच्याकडून ती जास्त होते. समोरच्याकडे पूर्ण लक्ष देणं, त्याच्या शब्दांमागची भावना ओळखून ती त्याच्यापुढे ठेवणं, धागा सुटू न देणं, हे समाजकार्याच्या आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं घोटून अंगात मुरवलेलं असतं. गोलात बसल्यावर तेच आड येतं. गटाचं काम शिकायचं म्हणजे बऱ्याच अंशी ही कमावलेली सवय योग्य वेळी आवरायला शिकायचं, असं माझं मत आहे. आणि कमावलेली सवय आवरणं हे नवी सवय लावण्यापेक्षा अवघड असतं.

बोलायला सोपं जावं म्हणून इथे एकच गट डोळ्यासमोर ठेवू या : दारूचं व्यसन असलेल्या माणसांच्या बायकांचा. महाराष्ट्रात या प्रकारच्या गटाची ओळख बऱ्यापैकी जुनी आहे. पुण्यात १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात ओढलं. तिथला बायकांचा ‘सहचरी’ गट अनेकांना ऐकून माहीत असतो. त्याच्याही आधी, १९३५मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांनी (एक शेअर दलाल, एक सर्जन) एकमेकांशी बोलून सुरू केलेली अल्कोहोलिक्स अनॉनिमस आज आपल्याकडे ‘एए’ म्हणून गल्लोगल्ली पोचलेली आहे. पण एएची मीटिंग आणि समुपदेशकाने चालवलेला गट या दोन वेगळ्या गोष्टी. एएमध्ये कुणी तज्ज्ञ नसतो, प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल बोलायचं आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर टिप्पणी करायची नाही, अशी शिस्त असते. समुपदेशकाच्या गटात मात्र एकमेकींच्या बोलण्याला प्रतिसाद देणं हाच उपचार असतो. बोलण्यावर बोलायचं तर कुणीतरी सांभाळायला लागतं. हा सांभाळणारा म्हणजे गटचालक. सुलभक म्हणा, फॅसिलिटेटर म्हणा. बायका ‘ताई’ म्हणतात.

आधी एकटीची खोली बघू. तिथे दोन खुर्च्या अगदी समोरासमोर ठेवत नाहीत, काटकोनाच्या आसपास ठेवतात. बोलणारीला नजर चुकवायची असेल तेव्हा नैसर्गिकपणे खिडकीकडे बघता आलं पाहिजे. जात्यावर बसणाऱ्यांना ही सोय आपोआप होती. हात खुंट्याला, नजर पिठाकडे, आणि तोंडाने सासरचं सगळं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांच्या प्रकल्पात गोळा झालेल्या लाखाहून अधिक ओव्यांमध्ये जे दुःख सापडतं, त्यातलं बरंचसं चारचौघांत तोंडावर बोलताच आलं नसतं. समुपदेशकाची खोली हे काम करते, फक्त पिठाशिवाय. पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं, घड्याळ समुपदेशकाला न वळता दिसेल अशा भिंतीवर, आणि मध्ये येणारा फोन किंवा चहावाला नाही.

या खोलीत बाईला काय मिळतं? तिला अडवणारं कुणी नसतं, आणि तिची गोष्ट कुणाच्या गोष्टीशी स्पर्धेत नसते. मारहाण, अंथरुणातली जबरदस्ती, लपवून ठेवलेले पैसे, मरावंसं वाटतं हे, या गोष्टी बहुतेक वेळा इथेच पहिल्यांदा उच्चारल्या जातात. काही कामं तर इथेच व्हायला हवीत. घरात मार बसत असेल तर सुरक्षिततेची आखणी करावी लागते : आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती कुठे ठेवायच्या, घराची दुसरी किल्ली कुणाकडे, रात्री निघावं लागलं तर कुठल्या शेजारणीचं दार वाजवायचं, भावाला फोनवर कोणतं साधं वाक्य बोललं की त्याने निघायचं. नऊजणींना माहीत असलेली अशी आखणी निरुपयोगी असते. त्यातली एखादी त्याच चाळीत राहणारी निघाली की संपलं. नवराबायकोला एकत्र बसवण्याची घाईही इथे धोक्याची. खोलीत ती जे बोलते त्याचा हिशेब घरी गेल्यावर चुकता होतो.

तरीही या खोलीची एक मर्यादा आहे, आणि ती समुपदेशकाच्या कौशल्याने भरून निघत नाही. नवऱ्याच्या ऑफिसात फोन करून ‘त्यांना ताप आलाय’ सांगणं, त्याने वाण्याकडे केलेली उधारी आपल्या पगारातून फेडणं, बाटल्या लपवणं, ओतून टाकणं, नातेवाइकांसमोर सारवासारव करणं, हे यातल्या बहुतेक जणी वर्षानुवर्षं करत असतात. या सांभाळण्यामुळे त्याला दारूचे परिणाम भोगावेच लागत नाहीत, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. समुपदेशकाने कितीही जपून सांगितलं तरी त्यातून तिला ऐकू येतं ते असं : ‘म्हणजे चूक माझीच.’ तेच शेजारी बसलेली बाई सांगते, ‘मी सहा वर्षं ह्यांच्या साहेबांना खोटं बोलले. एक दिवस फोन केला नाही. काय व्हायचं ते झालं’, तेव्हा ते आरोपासारखं लागत नाही. सांगणारीच्या हातालाही तोच चटका बसलेला असतो. आपल्या घरात जे चाललंय ते फक्त आपल्याच घरात चाललंय ही समजूत पहिल्या बैठकीच्या पहिल्या अर्ध्या तासात सैल होते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटातून बरं होण्याची जी अकरा कारणं मांडली त्यांत हे एक आहे. दुसरं, माझ्या लेखी याहून मोठं कारण म्हणजे दुसरीच्या उपयोगी पडण्याचा अनुभव. एकटीच्या खोलीत ती कायम घेणारी असते. गटात तिला देता येतं. वीस वर्षं जिला घरात ‘तुला काय कळतंय’ हे ऐकावं लागलं, तिच्या एका वाक्यावर दुसरी बाई मान डोलावते. समुपदेशकाला हे देता येत नाही, कारण मान डोलावणं त्याच्या नोकरीचाच भाग आहे हे तिला माहीत असतं.

आता नजरेकडे परत. बोलणारी आपल्याकडेच बघतेय असं लक्षात आलं की गटचालकाने आपली नजर तिच्यावरून हलवून सावकाश गोलातून फिरवायची. बोलणारीचे डोळे त्या नजरेमागे जातात आणि वाटेत त्यांना दुसऱ्या चेहऱ्यांवरचं काही ना काही दिसतं. पहिल्यांदा करताना हे फार उद्धटपणाचं वाटतं. आयुष्यातलं इतकं अवघड काही कुणी सांगतंय आणि आपण भलतीकडे बघायचं? म्हणून पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने सांगून टाकावं : ‘तुम्ही बोलताना मी इकडेतिकडे बघेन. माझं लक्ष नाही असं समजू नका. ऐकणाऱ्यांची तोंडं मला बघायची असतात.’

प्रश्नही बदलतो. एकटीला विचारायचं, ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ गटात विचारायचं, ‘हे ऐकताना कुणाला काय झालं?’ पण या प्रश्नाचा एक दुष्परिणाम ठरलेला आहे. दुसरी आपली गोष्ट सुरू करते, तिच्यावरून तिसरी, आणि जिने सुरुवात केली ती तशीच अर्ध्यावर लोंबकळत राहते. घरी जाताना तिला वाटतं, मी इतकं बोलले आणि कुणी घेतलंच नाही. म्हणून दहा-बारा मिनिटांनी धागा परत आणून तिच्या हातात द्यावा लागतो : ‘सुरुवात यांनी केली होती. आता हे सगळं ऐकून कसं वाटतंय?’ नवशिके गटचालक नेमकं हेच विसरतात.

सर्वांत कठीण असतं ते तोंड बंद ठेवणं. कुणी म्हणतं, ‘रात्री दाराची कडी वाजली की पोटात गोळा येतो.’ ताईंच्या ओठावर अगदी बरोबर वाक्य तयार असतं : ‘म्हणजे संध्याकाळ झाली की तुम्हाला भीती वाटायला लागते.’ हे वाक्य त्यांनी बोललं तर ते अचूक असेल, आणि संभाषण तिथेच संपेल. मनात दहापर्यंत आकडे मोजले तर बहुधा सहा-सात होईपर्यंत समोरून येतं, ‘माझी पोरगी तर कडीचा आवाज आला की पुस्तक मिटून झोपल्याचं सोंग करते.’ हे कुठल्याही समुपदेशकाला सुचलं नसतं.

गटाची कल्पना निघाली तीच मुळी बचतीतून. बॉस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५मध्ये क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलवायला सुरुवात केली. विश्रांती, मोकळी हवा, आहार यांच्या सूचना एकेकाला देत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदम द्याव्यात, आणि प्रत्येकाने रोजची नोंदवही आणावी, असा साधा हिशेब. सूचनांपेक्षा रोग्यांना एकमेकांच्या सोबतीने उभारी येते हे नंतर ध्यानात आलं. बचतीचा तो मोह अजून गेलेला नाही. संस्थेच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, ‘एकेकीला बसवण्यापेक्षा दहाजणींना एकदम बसवा ना.’ म्हणून हिशेब एकदा मांडलेला बरा. दहाजणी, प्रत्येकी आठ सेशन, पन्नास मिनिटं बोलणं आणि दहा मिनिटं नोंदी. झाले ८० तास. आता गट. आधी प्रत्येकीची ४० मिनिटांची स्वतंत्र मुलाखत : ६ तास ४० मिनिटं. आठ बैठका, प्रत्येकी ९० मिनिटं, आधी १५ मिनिटं तयारी आणि नंतर अर्धा तास दोघा गटचालकांचं आपसातलं बोलणं. हे १८ तास, दोन माणसं म्हणजे ३६. प्रत्येक बाईची प्रत्येक बैठकीनंतर पाच मिनिटांची नोंद : पुन्हा ६ तास ४० मिनिटं. बेरीज पन्नासला थोडी कमी. न आलेल्यांना फोन, मध्येच एखादीला स्वतंत्र वेळ, हे धरलं की पन्नास ओलांडते. तेव्हा बचत होते ती तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, दहापट वगैरे नाही. अहवालात दहापट दिसते, कारण मुलाखत, दुसरा गटचालक आणि नंतरचा अर्धा तास या तिन्ही गोष्टी कापलेल्या असतात. आणि गट फसतो तोही बहुधा या तिन्हींपैकी काहीतरी कापल्यामुळेच.

मुलाखतीचंच घ्या. या चाळीस मिनिटांत कळायला हवं की हे दुखणं तिने आजवर कुणाजवळ काढलंय का, घरी काय सांगून ती बाहेर पडणार आहे, नवरा किती वाजता निघतो, फोन कुणाच्या हातात असतो. तिच्या वस्तीतली, नात्यातली कुणी आधीच गटात आहे का हे तर विचारलंच पाहिजे. सख्ख्या जावा एका गोलात बसल्या तर दोघींपैकी एकच बोलते, ती कोण हेही आधी सांगता येतं. जिच्या मनात सध्या जीव देण्याचे विचार आहेत, जिला भास होतात आणि औषध सुरू नाही, जिच्या घरात गेल्या महिन्यातच मृत्यू झालाय, तिला आधी एकटीला वेळ द्यायचा. तिला नाकारलेलं नसतं, क्रम बदललेला असतो, आणि हे तिला तोंडाने सांगावंही लागतं.

आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो : गटात कुठल्याही बाबतीत ‘एकटी’ कुणी नको. नऊजणींचे नवरे पितात आणि दहावीचा नवरा लिव्हर खराब होऊन वारलाय, अशी रचना झाली तर त्या नऊजणींना तिच्यात आपलं पुढचं दिसतं. तिच्याकडे बघायचं टाळलं जातं आणि तिला ते जाणवतं. तिच्यासारखी आणखी एक मिळेपर्यंत थांबावं, नाहीतर तिला एकटीला भेटत राहावं. बाकी वय, शिक्षण, कमाई यांतला फरक पुष्कळ चालतो. एकसारखं दुखणं आणि निभावण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या, असा गट चांगला लागतो. आकडा आठ ते बारा. सहाच्या खाली गेला की दोघी गैरहजर राहिल्यावर गोल उरत नाही. बाराच्या वर गेला की नव्वद मिनिटांत प्रत्येकीच्या वाट्याला सात मिनिटंही येत नाहीत.

आपल्याकडे ‘गट’ म्हटलं की बायकांच्या डोळ्यासमोर बचत गट येतो, ही अडचणही आहे आणि सोयही. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी ही पंचसूत्री तोंडपाठ असलेली बाई पहिल्या दिवशी विचारणारच, अध्यक्ष कोण, वर्गणी किती, कर्ज कधी. हसू नये. वेळेवर येणं, गोल बसणं, एकेकीने बोलणं हे तिला बचत गटाने आधीच शिकवलेलं आहे. बचत गटात नसतं ते एवढंच, की तिथे घरातलं झाकून ठेवायचं असतं. हप्ता का थकला याचं खरं कारण तिथे सांगितलं जात नाही. भिशी, भजनी मंडळ, हळदीकुंकू सगळ्यांचा हाच शिरस्ता. बायका एकत्र जमण्याची सवय आपल्याकडे भरपूर, पण जमल्यावर तोंड हसरं ठेवण्याची सवयही तेवढीच घट्ट.

मग आडनाव. मराठी माणसाने आडनाव ऐकलं की त्याच्या डोक्यात पुढचा हिशेब आपोआप होतो, त्याला ते थांबवता येत नाही. म्हणून गोलात फक्त पहिलं नाव सांगायचं. आणि हजेरीपट हातोहात फिरवायचा नाही, गटचालकाने बैठकीनंतर स्वतः भरायचा. देणगीदाराला पूर्ण नाव, पत्ता, प्रवर्ग लागतो, लागू दे. फिरणाऱ्या कागदावर नऊजणी आधीच्या सह्या वाचतात आणि पुढच्या आठवड्याला बसण्याच्या जागा बदललेल्या असतात. बसायला एकतर सगळ्यांना सतरंजी, नाहीतर सगळ्यांना खुर्ची. गुडघे धरलेल्या मावशींना एकटीला खुर्ची दिली की त्या आपोआप सासू होतात, आणि सल्ला सुरू.

सल्ला! ‘अगं, चार दिवस माहेरी निघून जा, येतो का नाही बघ सुतासारखा सरळ.’ सुरुवातीच्या बैठकांत सल्ल्यांचा पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ काहीच कुणी घरी नेऊन वापरत नाही. तरी तो तोडून टाकू नये. तुझं मला वाटतंय, हे सांगण्याची ती एक पद्धत आहे. फक्त व्याकरण बदलायला लावायचं. ‘तू असं कर’ ऐवजी ‘मी असं केलं, त्याचं असं झालं’. वाक्यातला ‘तू’ जाऊन ‘मी’ आला की निम्मे सल्ले आपोआप गळतात, कारण सांगणारीने स्वतः ते कधी केलेलं नसतं.

फार बोलणारीला आपल्या शेजारी बसवावं, फार गप्प असणारीला समोर. शेजारी बसलेलीशी नजर जुळत नाही, त्यामुळे तिला पुढे बोलायचं खतपाणी मिळत नाही, आणि गरज पडली तर हाताला हलकेच स्पर्श करून थांबवता येतं. समोरचीला नुसत्या नजरेने आत बोलावता येतं. पण गप्प असलेलीला नाव घेऊन ‘आता तुम्ही बोला’ म्हणू नये. शाळेत उभं केल्यासारखं होतं. सुरुवातीच्या फेरीत प्रत्येकीने एकेक मिनिट ‘हा आठवडा कसा गेला’ एवढं सांगायचं असतं. गप्प असणारीचा आवाज त्या मिनिटात एकदा खोलीत उमटला की पुरे. नुसतं ऐकूनही माणसं बदलतात. कुणी रडायला लागलं तर पाण्याचा पेला लगेच पुढे करू नये. पाणी प्यायला रडू थांबवावं लागतं, आणि पेला पुढे करणारीला बहुधा तेच हवं असतं.

गुप्ततेबद्दल मात्र खोटं आश्वासन देऊ नये. एकटीच्या खोलीत समुपदेशक शब्द देऊ शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा उपचार देणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घालतो. सतरंजीवर शेजारी बसलेल्या बाईवर नाही. म्हणून वाक्य असं हवं : ‘माझ्यापुरती हमी मी देते. तुमची तुम्ही एकमेकींना द्या.’ आणि ती एकेकीकडून तोंडाने वदवून घ्यावी. अपवादही त्याच वेळी सांगायचे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प बसता येणार नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, ते गटात कळलं काय नि खोलीत कळलं काय. हे आधी न सांगता नंतर कळवलं, तर एका बाईचाच नाही, अख्ख्या गटाचा विश्वास उडतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायची मागणी दुसऱ्या बैठकीत येतेच. माझं उत्तर ठाम नकाराचं आहे. निम्म्या घरांत बायकोचा फोन नवरा चाळत असतो.

गटात एखादी सहज म्हणून जाते, ‘कधी कधी वाटतं, सुटावं यातून.’ नऊजणी खाली बघतात. हे वाक्य तसंच वाहून जाऊ द्यायचं नाही आणि तिथेच सगळं खोदायचंही नाही. साध्या शब्दांत तिथल्या तिथे विचारायचं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. उत्तर हो आलं तर गटासमोर एवढंच, ‘हे सांगितलंत ते बरं झालं, बैठक संपली की आपण दोघी बसू.’ मग त्याच दिवशी, एकटीला, बेत ठरलाय का, साधन घरात आहे का, रात्री सोबत कोण, हे सगळं. तिला एकटीला घरी पाठवायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा, पण नंबर दिला म्हणजे आपलं काम झालं असं समजायचं नाही. इकडे उरलेल्या नऊजणींना दुसरा गटचालक सांभाळतो. एकट्याने गट चालवू नये याचं हे एकच कारण पुरेसं आहे. दोघांनी शेजारी शेजारी बसू नये, गोलात समोरासमोर बसावं. नाहीतर गोलाचं व्यासपीठ होतं.

गटाच्या वाटचालीचे टप्पे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५मध्ये सांगितले : जमणं, खटके उडणं, रीत बसणं, काम होणं, १९७७मध्ये त्यांत निरोपाची भर पडली. दुसरा टप्पा आपल्याकडे वेगळ्या वेशात येतो. समोरासमोर भांडण क्वचित. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक पाहुणे येतात, बाळाला ताप येतो, चहा गोड लागेनासा होतो, आणि दहाच्या सहाजणी उरतात. खरी बैठक परतीच्या शेअर रिक्षात भरते : ‘ती बाई किती बोलते!’ गटचालक घाबरतो आणि घाबरला की प्रोजेक्टर निघतो. व्यसनाचे दुष्परिणाम या विषयावर डॉक्टरांचं व्याख्यान ठरतं. बायका निमूट ऐकतात, आभार मानतात, आणि गट तिथे संपतो. खरं तर रिक्षातलं बोलणं गोलात आणायची तीच वेळ असते : ‘गेल्या वेळी इथून जाताना काय काय मनात होतं?’ यावर पहिलं उत्तर बहुधा ताईंवरच्या तक्रारीचं येतं. ते येऊ द्यावं. ताईंवर रागावूनही काही बिघडत नाही हे एकदा दिसलं की मग एकमेकींशी खरं बोलणं सुरू होतं.

बैठकीनंतरचा अर्धा तास याच कामाचा. दोघा गटचालकांनी कागदावर एक गोल काढायचा, बसल्या जागी नावं लिहायची आणि कोण कुणाशी बोललं याचे बाण ओढायचे. सगळे बाण ताईंपर्यंत येऊन थांबलेले दिसले की वेगळ्या टीकेची गरज उरत नाही. गंमत अशी, की एकेकट्याला समुपदेशन करणारेही आपलं काम गटातच सुधारतात. गोव्यात ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचं वैयक्तिक समुपदेशन देऊन पाहिलं. त्याचे चांगले परिणाम २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. त्या समुपदेशकांनी आपल्या सेशनची ध्वनिमुद्रणं एकत्र बसून ऐकायची, एकमेकांना गुण द्यायचे, अशी देखरेखीची पद्धत होती. उलट बाजूने, युगांडाच्या ग्रामीण भागात नैराश्यासाठी स्त्रियांचे आणि पुरुषांचे वेगळे गट करून, आठवड्याला ९० मिनिटं याप्रमाणे १६ आठवडे चालवलेला प्रयोग २००३मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही गटात घेण्याआधी प्रत्येकाला एकट्याने भेटण्याची पायरी गाळलेली नव्हती. दोन्ही पद्धती एकमेकींच्या कुबड्या घेऊनच चालतात.

एकाच ताईंकडे गटही आणि त्यातल्या दोघीतिघींचं वैयक्तिक समुपदेशनही असेल, तर जिभेवर ताबा हवा. खोलीत कळलेलं गोलात आपण आणायचं नाही, अगदी सूचकपणेही नाही. ‘तुमच्या मुलाचं ते...’ एवढं अर्धं वाक्य निसटलं तरी बाकीच्यांना कळतं की ताईंच्या आतल्या गोटात कोण आहे. ती बाई स्वतः आणेल तेव्हा आणेल. खोलीत फार तर विचारावं, ‘हे तिथे सांगावंसं वाटतं का?’

शेवटची बैठक शेवटची आहे हे सहाव्या आठवड्यापासून सांगत राहावं लागतं, तरी आठव्या आठवड्यात कुणीतरी नवाच, मोठा, आजवर न काढलेला विषय काढतं. नव्वद मिनिटांपैकी पाच उरलेली असतात. तो उघडायचा नाही. ‘हे मोठं आहे, परवा अकरा वाजता एकटीने या’ म्हणून वेळ देऊन टाकायची. महिन्याने एक भेट ठरवायची, तीही सगळ्यांच्या समोर. आठ आठवड्यांत जी मधूनच सोडून गेली तिची जागा त्या दिवसापुरती रिकामी ठेवलेली असते, पुढच्या वेळी ती काढलेली असते, आणि का काढली हे बोललेलं असतं. बैठक मोडल्यावर बायका चपला शोधत व्हरांड्यात रेंगाळतात. भिशी लावायची का, पहिली कुणाच्या घरी, नवरा कुणाचा गावाला असतो, असं हळू आवाजात चालतं. ताई आत सतरंज्या घडी करत असतात. बाहेर तारीख ठरते, आणि आत येऊन ती सांगायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.